प्रसिद्धीच्या बदल्यात काम : वाचकांचे प्रश्न

सुतार, रंगारी, छायाचित्रकार अशा स्वतंत्र व्यावसायिकांच्या पत्रांत, पैशांऐवजी प्रसिद्धीच्या बोलीवर केलेल्या कामाचा मोबदला मागता येतो का, हा एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : तोंडी ठरलेले काम कायदा मानतो का?

मानतो; मात्र ते सिद्ध करावे लागते.

प्रश्न : एका कॅफेचे सगळे लाकूडकाम मी केले. ‘इन्स्टाग्रामवर तुमचे नाव टाकू, कामे चालून येतील’ असे मालक म्हणाले. मजुरीचे बोलणे राहून गेले. दोन वर्षे होत आली. पैसे मागता येतील का?

येतील, पण दोन वर्षे थांबायला नको होते. काम फुकट करण्याचा हेतू नसताना ते केले आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे, असे 1872 च्या करार कायद्याचे कलम 70 सांगते. उलट, ‘नाव टाकले की पुरे’ असा तुमचाच संदेश त्यांच्याकडे असेल, तर बाजू लंगडी पडते. देण्याची तारीख ठरली नसल्यास अशा कामाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत काम झाल्यापासून साधारणपणे तीन वर्षे असते आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ या तोंडी आश्वासनाने ती एका दिवसानेही वाढत नाही. मुदत संपण्याआधी थकलेली रक्कम मान्य असल्याची त्यांच्या सहीची चिठ्ठी मिळाली, तर मुदत नव्याने मोजली जाते. संबंध बिघडतील या भीतीने कारागीर गप्प बसतात आणि हक्काचा पैसा बुडतो, हे मी फार वेळा पाहिले आहे. प्लायवूडची बिले, कामाचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण घेऊन याच आठवड्यात वकिलांना भेटा. पुढचे काम घेताना दर आणि इसार कागदावर आल्याशिवाय करवत उचलू नका.

प्रश्न : एका रिसॉर्टचे फोटो मी श्रेयाच्या बोलीवर काढले. आता ते जाहिरातीत वापरतात. हक्क कोणाचा?

मोबदला देऊन, सांगून काढवून घेतलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट), वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जातो. मोबदला नसेल तर तो छायाचित्रकाराकडेच राहतो. ‘श्रेय’ हा मोबदला ठरतो का, यावर वाद होऊ शकतो. मूळ फाइली देऊ नका आणि हक्क लिहून देण्यापूर्वी वकिलांकडून मसुदा तपासून घ्या.

प्रश्न : पैशांऐवजी वस्तू घेतली, तर कर लागत नाही ना?

ऐकीव माहितीवर जाऊ नका. वस्तूही मोबदलाच असते, सनदी लेखापालांना विचारा.

प्रश्न : ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी केली की थकलेले पैसे मिळतात, असे सांगून एजंट शुल्क मागतो. द्यावे का?

देऊ नये. सरकारी संकेतस्थळावर ही नोंदणी निःशुल्क आहे, शुल्क मागणारी खाजगी संकेतस्थळे मात्र पुष्कळ आहेत. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लघुउद्योजकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि याच कायद्याखालील सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परंतु नोंदणी काम घेण्याआधीची असलेली बरी. जुन्या थकबाकीसाठी आज नोंदणी करून भागेलच असे नाही. साहित्य आणि मजुरी एकत्र असलेल्या ठेक्यांना हा कायदा लागू होतो का, याबाबत न्यायालयांत मतभेद झाले आहेत, तेव्हा अर्जापूर्वी आपला कागद जाणकाराला दाखवा.