कडा सांभाळा : गाडीच्या रॅपबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गाडीला मॅट काळा रॅप लावून चार दिवस झाले. पहिल्यांदा कधी धुवावी? आणि मॅटला वॅक्स चालतं का?

अजून तीन-चार दिवस थांबा. रॅप म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म. तिच्या पाठीवरचा चिकट थर लावल्या लावल्या पूर्ण पकड घेत नाही, आठवडाभर तो पत्र्यावर बसत राहतो. तोवर पावसाचे चार थेंब पडले तर बिघडत नाही, पण पाण्याचा जोर आणि घासणं टाळा.

धुताना गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागायला हवा. तापलेल्या रॅपवर शाम्पू वाळतो आणि त्याचे ओघळ उमटतात. मॅटवर ते जास्तच दिसतात. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय असेल तर ती आजच सोडा, कारण धुळीतले कण सँडपेपरचं काम करतात. दोन बादल्या घ्या : एकीत दहा लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात न्यूट्रल पीएचचा (ना आम्ल, ना अल्कली असा) कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. टपापासून खाली या. दारांचा खालचा भाग आणि चाकांभोवतीची जागा शेवटी, कारण खडी-वाळू तिथेच असते. शेवटी मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्या. आरशाखाली, हँडलमागे आणि नंबरप्लेटच्या कडेला पाणी साठून राहतं, तिथे आठवणीने कापड फिरवा.

वॅक्स आणि पॉलिश मॅटला अजिबात नको. मॅटचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, त्यावर प्रकाश विखुरतो म्हणून तो चमकत नाही. वॅक्सने ते खड्डे भरले की तेवढ्याच जागी चकाकी येते, आणि ती काढायला बसलात की घासून घासून डाग वाढतो. फिरत्या ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंगही याच कारणाने टाळा. संरक्षण हवंच असेल तर खास मॅट रॅपसाठी बनवलेला स्प्रे सीलंट घ्या. ग्लॉस म्हणजे चकचकीत रॅपवर थोडी मोकळीक आहे, पण कण असलेलं पॉलिश तिथेही नको.

प्रश्न : प्रेशर वॉशर वापरला तर रॅप निघतो, असं ऐकलंय. खरं का?

वॉशर नव्हे, तो धरण्याची पद्धत रॅप काढते. दाब 2000 पीएसआयच्या आत, पाणी 80 अंश सेल्सिअसच्या आत, नोझल 40 अंशांचं पसरट, अंतर कमीत कमी 30 सेंटिमीटर, आणि झोत पत्र्यावर सरळ काटकोनात. यातलं शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. झोत तिरका गेला की पाणी कडेखाली पाचरीसारखं शिरतं आणि फिल्म उचलतं. दारांच्या फटी, बंपरचे कोपरे आणि दोन तुकड्यांचे सांधे इथे वॉशर लांबूनच फिरवा. गाडी दुसऱ्याकडे धुवायला देत असाल तर आधी एवढं सांगून ठेवा. रॅप आहे हे लांबून कळत नाही.

प्रश्न : पक्ष्यांची शिट, झाडाचा चीक आणि डांबराचे ठिपके शाम्पूने जात नाहीत. पेट्रोलने पुसलं तर?

पेट्रोल, थिनर, रॉकेल यांतलं काहीही नको. रॅप हे पीव्हीसी, त्याला लवचीक ठेवायला त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो. असे द्रव फिल्म फुगवतात आणि तो प्लॅस्टिसायझर ओढून काढतात. आज डाग गेल्यासारखा वाटतो, पुढे तीच जागा कडक होऊन तडकते. कडेपाशी वापरलं तर चिकट थरही विरघळतो. टाकी भरताना सांडलेलं पेट्रोलही म्हणूनच लगेच पुसून धुवा.

शिट वाळली असेल तर खरवडू नका. कोमट शाम्पूच्या पाण्यात भिजवलेलं कापड तिच्यावर दहा मिनिटं ठेवा, ती मऊ होऊन सुटते. डाग ताजा असतानाच काढलेला बरा, कारण उन्हात तो फिल्ममध्ये मुरतो आणि मग त्याची सावली कायम राहते. चिकालाही हाच उपाय, फक्त पाणी जरा गरम. तेवढ्याने भागलं नाही तर दोन भाग पाणी आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल असं मिश्रण कापडावर घ्या (थेट गाडीवर फवारू नका), हलक्या हाताने टिपा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. डांबराला संत्र्याच्या सालीच्या तेलावर आधारलेला क्लीनर चालतो, पण मिनिटभरच, आणि कडेपासून दूर. दोन्ही आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात लावून बघा. छापील चित्राचा रॅप असेल आणि त्यावर लॅमिनेट (पारदर्शक संरक्षक थर) नसेल, तर अल्कोहोल शाईच उतरवतं.

क्षारांचे पांढरे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, लगेच धुवा.

प्रश्न : बंपरच्या कोपऱ्यावर रॅपची कड उचलली आहे. फेविक्विक लावू का?

नको! ते कडक होतं, फिल्मला सुरकुती पाडतं आणि पुढे रंगासकट निघतं. उचललेल्या भागाखाली धूळ शिरली नसेल तर दोन्ही बाजू अल्कोहोलच्या वरच्या मिश्रणाने पुसून पूर्ण वाळू द्या, हेअर ड्रायरने कोमट करा आणि कापड गुंडाळलेल्या बोटाने आतून कडेकडे दाबत या. हे तात्पुरतं समजा. ताणून बसवलेल्या फिल्मला मूळ आकारात परतायची ओढ असते. ती मोडायला साधारण 90 ते 105 अंश तापमान लागतं, म्हणजे हीट गन आणि सराव. तीच कड पुन्हा उचलली तर ते काम रॅप लावणाऱ्याचं. चिकट थर मातीने काळा झाला असेल तर तो चिकटणार नाही, तेवढा तुकडा बदलावा लागेल.

प्रश्न : बॉनेट आणि टपाचा रॅप फिका पडून तडकतोय, दारांचा मात्र नवा दिसतो. माल खराब होता का?

असेलच असं नाही. आडव्या भागांवर ऊन थेट पडतं आणि पाणी, धूळ, शिट तिथेच साचतात, म्हणून त्यांचं आयुष्य उभ्या भागांपेक्षा बरंच कमी. मात्र फिल्म आक्रसून कडांपाशी पत्र्याची रेघ दिसू लागली असेल तर ती कॅलेंडर्ड असावी, म्हणजे रोलरमध्ये दाबून ताणलेली. ओतून बनवलेली कास्ट फिल्म इतकी आक्रसत नाही. तडकलेला रॅप आणखी एक उन्हाळा ठेवू नका. तो नखाएवढ्या तुकड्यांनी निघतो आणि चिकट थर पत्र्यावरच राहतो.

प्रश्न : रॅप काढताना खालचा रंग जाईल का?

कारखान्यातला रंग शाबूत असेल तर सहसा नाही. फिल्म 50-60 अंशांपर्यंत गरम करायची आणि उलटी दुमडून, पत्र्याला जवळजवळ चिकटत हळूहळू ओढायची. सरळ वर खेचायची नाही. डेंटिंगनंतर पुन्हा रंगवलेल्या दारावर मात्र भरवसा नको, तिथे रंगाची पकडच कधी कधी रॅपच्या पकडीपेक्षा कमी असते.