प्रश्न तुमचे : खेळामागचा प्रोग्रामर

प्रश्न : 'स्पेस इनव्हेडर्स' हा शत्रूंच्या रांगा गोळ्यांनी टिपायचा व्हिडिओगेम पायगेममध्ये (पायथन भाषेतलं खेळ लिहिण्याचं साधन) लिहून पाहिला. मूळ खेळात शत्रू मरतात तसे उरलेले पळायला लागतात. माझे शेवटपर्यंत एकाच चालीने सरकतात. मूळ प्रोग्रामरने काय केलं होतं?
— विद्यार्थी, सांगली

उत्तर : तोमोहिरो निशिकादो यांनी तायतो कंपनीसाठी 1978 साली हा खेळ केला, तो 2 मेगाहर्ट्झच्या इंटेल 8080 प्रोसेसरवर. शत्रू 11 गुणिले 5, म्हणजे 55. एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्रात) सगळ्यांना हलवणं त्या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून दर फ्रेमला एकच शत्रू 2 पिक्सेल सरकतो. सेकंदाला साधारण 60 फ्रेम. 55 जणांची फेरी पुरी व्हायला जवळजवळ एक सेकंद लागतो, दहाच उरले की त्याच्या सहाव्या हिश्श्यात होते. एकटा उरलेला तर दर फ्रेमला सरकतो, उजवीकडे जाताना 2 ऐवजी 3 पिक्सेल.

तुमच्या लूपमध्ये सगळे एकदम हलतात, तिथेच गडबड आहे. एक क्रमांक ठेवा, दर फ्रेमला पुढच्या जिवंत शत्रूवर जा आणि फक्त त्यालाच हलवा. मेलेल्याला त्याच फ्रेममध्ये ओलांडा; त्याच्यासाठी फ्रेम खर्च केलीत तर वेग कधीच वाढणार नाही. कोणी कडेला टेकला की दिशा लगेच फिरवू नका, खूण करून ठेवा आणि नवी फेरी सुरू होताना फिरवा. नाहीतर अर्धी फौज खाली, अर्धी आडवी, अशी रांग फाटते. शिवाय फ्रेमचा वेग 60 वर बांधा. 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर मोकळा सोडलेला खेळ दुप्पटीहून जास्त वेगाने पळू शकतो.

शत्रू सरकताना पावलांसारखे चार ठोके वाजतात, त्यांचा वेग मात्र असा आपोआप वाढत नाही. किती शत्रू उरले की दोन ठोक्यांत किती अंतर, याचा तक्ता प्रोग्राममध्ये वेगळा आहे. तो तुम्हालाही लिहावाच लागेल.

प्रश्न : निशिकादो प्रोग्रामर की इलेक्ट्रॉनिक्सवाले?
— वाचक, ठाणे

उत्तर : आधी इलेक्ट्रॉनिक्सवाले. जन्म 1944, ओसाका. 'स्पीड रेस' (1974) आणि 'वेस्टर्न गन' (1975) या त्यांच्या खेळांत प्रोसेसरच नव्हता. सगळा खेळ टीटीएल चिपांच्या (साध्या तर्क-सर्किटांच्या) जोडणीत. एखादा नियम बदलायचा तर सर्किट बदला. अमेरिकेत मिडवे कंपनीने 'वेस्टर्न गन' 8080 वर नव्याने बांधला, ते पाहून ते मायक्रोप्रोसेसरकडे वळले. विकासाची साधनंही त्यांनी स्वतःच जुळवली. ही सर्किटची बैठक कामी आली असणार, कारण 8080 वर निव्वळ प्रोग्राम येऊन भागत नाही. पडदा कृष्णधवल, एका बाइटमध्ये 8 बिट, म्हणजे 8 पिक्सेल. चित्र 3 पिक्सेल सरकवायचं तर बाइट तीन बिटांनी ढकलावा लागतो आणि 8080 एका आदेशात एकच बिट ढकलतो. म्हणून बोर्डावर वेगळं शिफ्ट सर्किट आहे: बाइट द्या, किती बिट ते सांगा, उत्तर तयार. सगळा प्रोग्राम 8 किलोबाइट रॉममध्ये (प्रोग्राम कायमचा साठवणाऱ्या चिपांत) मावला. 1996 मध्ये तायतो सोडून त्यांनी 'ड्रीम्स' ही स्वतःची कंपनी काढली.

प्रश्न : पडदा कृष्णधवल, मग हिरवा-तांबडा रंग कुठून?
— वाचक, पणजी

उत्तर : काचेवर लावलेल्या रंगीत जिलेटिन पेपरच्या पट्ट्यांतून. त्यामुळेच गोळी वर जाताना रंग बदलते. रंगीत बोर्ड नंतर आले. नक्कल करायची तर चित्रं पांढरीच ठेवा आणि वरून पारदर्शक रंगीत पट्टे 'मल्टिप्लाय' पद्धतीने चढवा; साधे चढवले तर काळी पार्श्वभूमीही रंगते.