‘कळतं पण वळत नाही’ आणि इंग्रजी क्रियापदं

प्रश्न असा आहे: ‘मी त्याला खूप पर्स्वेड केलं, पण तो तयारच होईना’ हे इंग्रजीत जसंच्या तसं म्हणता येईल का? आणि मन वळवणं, पटवणं, आग्रह करणं, भरीला घालणं यांच्यासाठी पर्स्वेड, कन्व्हिन्स, अर्ज (urge) यांपैकी कोणतं कुठे वापरायचं?

नाही, तसं म्हणता येणार नाही. ‘पर्स्वेडेड’ म्हटलं की समोरचा तयार झाला, हे त्यातच आलं. मराठीत ‘मी त्याचं मन वळवलं, पण त्याचं मन वळलं नाही’ हे जितकं विचित्र वाटतं, तितकंच हेही. आपल्याला म्हणायचं असतं ‘खूप समजावलं’. समजावण्यात फक्त प्रयत्न असतो, म्हणून ‘समजावलं, पण ऐकेना’ बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत तिथे ‘आय ट्राइड टू पर्स्वेड हिम’ म्हणावं लागतं, किंवा सरळ ‘आय अर्ज्ड हिम टू कम’. अर्जमध्ये फक्त जोर लावणं आहे. पुढे तो आला की नाही, याची जबाबदारी ते क्रियापद घेत नाही. मात्र पर्स्वेडची हमीसुद्धा तयारीपुरतीच आहे. तो यायला राजी झाला आणि ऐनवेळी त्याची गाडी चुकली, तरी पर्स्वेड खोटं ठरत नाही.

कन्व्हिन्सचं उत्तर आपल्याच म्हणीत आहे: कळतं पण वळत नाही. कळणं घडवून आणतं ते कन्व्हिन्स, वळणं घडवून आणतं ते पर्स्वेड. तंबाखू वाईट हे डॉक्टरांनी पुरतं पटवून दिलं, तरी पुडी सुटली नाही, तर रोगी कन्व्हिन्स झाला, सोडायला पर्स्वेड झाला नाही. म्हणून कन्व्हिन्सपुढे ‘ऑफ’ किंवा ‘दॅट’ येतं आणि पर्स्वेडपुढे ‘टू’ घेऊन कृती. ‘कन्व्हिन्स्ड हिम टू गो’ ही रचना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रुळली आहे, आता तिला चूक म्हणणं हट्टाचं होईल. तरी औपचारिक लेखनात जुना भेद पाळावा, कारण तो खरोखर कामाचा आहे. दोन्ही शब्दांची मुळंही पाहण्यासारखी आहेत. कन्व्हिन्समध्ये लॅटिन ‘विंकेरे’ म्हणजे जिंकणं आहे, युक्तिवादाने समोरच्याला चीत करणं. पर्स्वेडमधल्या ‘सुआदेरे’चं नातं ‘सुआविस’ म्हणजे गोड या शब्दाशी, आणि त्याच घराण्यातला आपला स्वादु!

आता सर्वांत जास्त होणारी चूक. ‘त्यांनी मला थांबायचा आग्रह केला’ याचं ‘दे इन्सिस्टेड मी टू स्टे’ असं भाषांतर सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे, कारण इन्सिस्टला माणूस हे कर्म चालत नाही. मराठीत आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो: एखाद्याला आग्रह करतो आणि एखाद्या गोष्टीचा आग्रह धरतो. इन्सिस्ट म्हणजे आग्रह धरणं. म्हणून ‘दे इन्सिस्टेड दॅट आय स्टे’ किंवा ‘इन्सिस्टेड ऑन माय स्टेइंग’. माणसाला आग्रह करायचा तर अर्ज किंवा प्रेस. पंगतीतल्या आग्रहाला तर प्रेस फार चपखल बसतं. ‘शी प्रेस्ड अनदर पुरणपोळी ऑन मी’ म्हटलं की नको नको म्हणत ताटावर आडवा धरलेला हातही दिसतो आणि त्याखालून सरकवलेली पोळीही. ‘सजेस्टेड मी टू गो’ याचीही तीच गत. तिथे ‘सजेस्टेड दॅट आय गो’ हवं.

कोक्स (coax) म्हणजे लाडीगोडी लावणं: रुसलेल्या पोराला दोन घास भरवताना, कोनाड्यात लपलेल्या मांजराला बाहेर काढताना. कजोलमध्ये (cajole) त्यात खुशामत मिसळते. ही दोन्ही आणि बोलीतलं ‘टॉक’ यांच्यापुढे ‘इंटू’ आणि ‘-इंग’ लावावं: ‘टॉक्ड हिम इंटू सेलिंग द शॉप’. परावृत्त करायचं असेल तर ‘आउट ऑफ’.

‘एग ऑन’ म्हणजे भरीला घालणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं, आणि तेही बहुधा नको त्या कामासाठी. या एगचा अंड्याशी काही संबंध नाही. तो जुन्या नॉर्स ‘एग्या’वरून आला आणि धार या अर्थाच्या ‘एज’चा सख्खा आहे. इंग्रजी ‘गोड’ (goad) म्हणजे तर बैलाला टोचायची पराणी, तिच्या टोकाला बसवलेल्या आरीसकट. म्हणून ‘गोडेड’ला ‘प्रोत्साहन दिलं’ असं भाषांतर करू नये. ‘डिवचून करायला लावलं’ म्हणावं. शिक्षकांनी विद्यार्थ्याला स्पर्धेत उतरवलं याला ‘एन्करेज्ड’च लिहावं. तिथे ‘एग्ड ऑन’ लिहिलं, तर शिक्षकांनी त्याला वाईट मार्गाला लावलं असं वाचलं जाईल.