बोटांना मुंग्या आणि सिंहगड रोडचं पाणी

‘मॅडम, बातमीत जो आजार येतो ना, त्याची लक्षणं मला तासाभरात जाणवायला लागतात. मी बातम्या बघणंच सोडू का?’ मी समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येत असतो. उत्तर म्हणून एकच केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्यांना सुलभाताई म्हणू.

जानेवारी २०२५. पुण्यात जीबीएस, म्हणजे गियाँ बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. हा नसांचा आजार; हातापायांना मुंग्या येतात, ताकद जाते. किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला, धायरी ही सिंहगड रोडच्या बाजूची नावं रोज टीव्हीवर. सुलभाताई धायरीच्याच. वय ५४, पोळीभाजी केंद्रातलं काम नुकतंच सोडलेलं. फेब्रुवारीच्या शेवटी यजमान त्यांना घेऊन आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, ‘मॅडम, पन्नास दिवस जाणारं सिलिंडर आमच्याकडे आता तेहतीस दिवसांत संपतं.’

कारण पाणी. पिण्याचं पाणी त्या वीस-वीस मिनिटं उकळायच्या, मोठ्या पातेल्यात, दिवसातून तीनदा. पण खरी गोष्ट पाण्याच्या पुढची होती. पहाटे उठल्या की पलंगाच्या कडेला बसून आधी बोटं एकेक करून दाबायच्या. मग चवड्यांवर दहा पावलं, टाचांवर दहा पावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पाच लिटरचा कुकर पाणी भरून एका हाताने उचलायचा, आधी उजव्या, मग डाव्या. कुकर उचलला गेला की सुटल्यासारखं वाटायचं. पण ते अर्धा तास टिकायचं. नऊ वाजता पुन्हा कुकर.

आणि बोटांना मुंग्या तर खरंच येत होत्या.

तीन डॉक्टर झाले होते. तिसरे मेंदू-मज्जातंतूंचे. त्यांनी हातोडीने गुडघ्यावर ठोकून पाहिलं, पाय व्यवस्थित उडाला. जीबीएसमध्ये ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा मंदावते किंवा जातेच. शुगर, थायरॉइड, बी-१२ सगळं ठीक. निघताना तिन्ही डॉक्टर एकच वाक्य बोलले होते, ‘काही नाहीये, टेन्शन घेऊ नका.’ या वाक्याने टेन्शन गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. ‘काही नाही’ म्हटलं की पेशंटच्या मनात पुढचं वाक्य तयार असतं: मग मुंग्या कसल्या?

त्याचं उत्तर मी तोंडाने दिलं नाही. डॉक्टरांच्या तपासण्या झालेल्या होत्या, दमा, फिट्स, हृदयाचं काही नव्हतं, म्हणून म्हटलं, ‘ताई, माझ्याबरोबर एक मिनिट जोरजोरात श्वास घ्या.’ (हे घरी एकट्याने करून बघू नका.) आम्ही दोघी कुत्रा धापा टाकतो तशा बसलो. चाळीस सेकंदांनी त्या थांबल्या, हात समोर धरून बघत राहिल्या. ‘आल्या! मॅडम, आल्या मुंग्या. ओठांपाशीसुद्धा!’

घाबरलं की श्वास नकळत भरभर चालतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने रक्तातल्या रसायनांचा तोल जरासा ढळतो, नसा हुळहुळ्या होतात आणि बोटं, ओठ मुंग्यांनी भरतात. म्हणजे बातमी बघून भीती, भीतीने श्वास, श्वासाने मुंग्या, आणि मुंग्या म्हणजे बातमीतलंच लक्षण. मुंग्या खऱ्या, आजार मात्र तो नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, पण या आजाराच्या भीतीइतकं सफाईदार जाळं क्वचित पाहिलं. मुंग्यांऐवजी बातमीत कावीळ असती, तर श्वास कितीही चालला तरी डोळे पिवळे झाले नसते.

मग आकड्यांकडे वळलो. त्या साथीत संशयित धरून रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि भोवतालची गावं मिळून माणसं साठ लाखांच्या पुढे. मी कागदावर भागाकार मांडायला लागले, तर ताईंनी मध्येच थांबवलं. ‘पण मॅडम, मी औंधात नाही राहत. मी धायरीत राहते.’

बरोबर होतं त्यांचं. साठ लाखांची सरासरी धायरीच्या बाईला लावणं ही फसवणूकच. मी पेन खाली ठेवलं.

तिथून खरं बोलणं सुरू झालं. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. आधी जुलाब किंवा सर्दीसारखा एखादा संसर्ग होतो, आणि काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पुण्यात संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. पोट बिघडवणारा नेहमीचाच जिवाणू; तो झालेल्या साधारण हजारात एकाला पुढे जीबीएस होतो. अर्धंकच्चं चिकन आणि घाण पाणी ही त्याची आवडती वाट, आणि उष्णतेपुढे तो टिकत नाही. त्यामुळे ताईंचं पाणी उकळणं वेडेपणाचं नव्हतं, त्यांच्या भागात तर ते योग्यच होतं. फक्त वीस मिनिटं कशाला? खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरतं. यजमानांचा चेहरा पहिल्यांदा उजळला तो इथे. चिकनही परत सुरू करायचं ठरलं, नीट शिजवून. ‘बुधवारचं?’ त्यांनी खात्री करून घेतली.

कुकर मात्र सोडायचा होता. पाणी उकळल्याने जिवाणू मरतो, कुकर उचलल्याने काहीच होत नाही, फक्त अर्ध्या तासाची खात्री विकत मिळते. हे ताईंना पटायला वेळ लागला, आणि मी त्यांना हसणार नव्हते. २०२० मध्ये मी स्वतः कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुतली आहे आणि ती आमटीत घातली आहे. घरचे अजून त्या आमटीची आठवण काढतात.

एकदम बंद नाही केलं. आधी कुकर सकाळी एकदाच. मग एक दिवसाआड. हात शिवशिवायला लागले की दहा मिनिटं थांबायचं, श्वास हळू सोडायचा, आणि मुंग्यांचं काय होतं ते नुसतं बघायचं. बहुतेक वेळा दहा मिनिटांत त्या ओसरायच्या. व्हॉट्सॲपच्या सोसायटी ग्रुपवर व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा व्हिडिओ फिरत होता, तो पुसला, ग्रुप म्यूट केला. बातम्या दिवसातून एकदा, सकाळच्या छापील पेपरात. झोपताना फोन हॉलमध्ये.

यजमानांनाही काम होतं. ‘अहो, माझा आवाज बदललाय का?’ हा प्रश्न ते दिवसातून वीस वेळा झेलत होते आणि बिचारे वीस वेळा ‘नाही गं’ म्हणत होते. आम्ही तिघांनी मिळून नवं उत्तर ठरवलं: ‘सकाळी सांगितलंय मी. चहा टाकू का?’ पहिला आठवडा ताई चिडल्या, एकदा रडल्यासुद्धा. यजमान म्हणाले, चहा मात्र उत्तम जमायला लागलाय.

एक गोष्ट मी फ्रिजवर लावायला लिहून दिली, कारण भीती उतरवताना खरा धोका झाकला जाऊ नये. पायांतली ताकद कमी होऊन ती कमजोरी तासांत-दिवसांत वर चढू लागली, जिना चढता येईना, तोंड वाकडं वाटू लागलं, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. उपचार आहेत, लवकर गेलेलं बरं असतं, आणि बहुतेक रुग्ण, महिने लागले तरी, सावरतात. खाली ताईंनी स्वतःच्या अक्षरात भर घातली: ‘नुसत्या मुंग्या – आधी श्वास बघ.’

बातम्या पूर्ण सोडायला मी सांगितलं नाही. सोडल्या असत्या तर पाणी उकळायचं हेही कळलं नसतं. बातमी वाचून झाली की एवढंच विचारायचं: यात मी करण्यासारखं काही आहे का? असलं तर ते करायचं, एकदा.

मे महिन्यात पुन्हा कोविडचे आकडे यायला लागले तेव्हा त्या दोन रात्री झोपल्या नाहीत. एक जादा सेशन झालं. ते होतंच.

मग सप्टेंबरात फोन आला. केरळमध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या बातम्या तेव्हा जोरात होत्या. नंबर बघून मी मनातल्या मनात पुढच्या आठवड्याची वेळ शोधायला लागले.

‘मॅडम, तो अमिबा नाकातून जातो म्हणे.’

‘हो.’

‘मी योगवर्गात जलनेती शिकले होते ना, नाकात पाणी सोडून नाक धुवायची, ती नळाच्याच पाण्याने करायचे. आता उकळून कोमट केलेलं घेते.’

‘छान. आणखी काही?’

‘नाही, एवढंच. मुंग्या नाहीत. बरं, तुम्ही करता का जलनेती? करत असाल तर तुम्हीपण उकळूनच घ्या हं.’