जिम झाल्यावर प्यायचं काय? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले की मला प्रोटीन शेक आवडत नाही, लागतो म्हणून घेते, आणि त्यावर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सारखे होते ते एकत्र केलेत, बाकी जसे आले तसेच देतेय.

प्रश्न : ताई, जिम लावून तीन महिने झाले. ट्रेनर म्हणतो वर्कआउट संपल्यावर अर्ध्या तासात शेक गेला नाही तर सगळी मेहनत पाण्यात. मी लॉकर रूममधे उभ्या उभ्या ढोसतो आणि तसाच गुडगुडणारं पोट घेऊन ऑफिसला पळतो. परवा शेकर घरी विसरलो तर दिवसभर कामात लक्ष नाही. खरंच एवढं असतं का त्या अर्ध्या तासात?

उत्तर : नाही रे बाबा. आधी खाली बस आणि शांतपणे पी.
हे अर्ध्या तासाचं भूत फार जुनं आहे, आमच्याही ट्रेनरने आमच्या मानगुटीवर बसवलं होतं. खरं काय आहे की वजनं उचलल्यावर स्नायू प्रोटीन घ्यायला जास्त तयार असतात हे बरोबर, पण ती तयारी अर्ध्या तासात दुकान बंद केल्यासारखी संपत नाही, साधारण एक दिवसभर तरी राहते. २०१३ साली शोनफेल्ड, ॲरागॉन आणि क्रीगर या तिघा अभ्यासकांनी तोवरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले तेव्हा निघालं असं की लगेच प्रोटीन घेणाऱ्यांचा जो फायदा दिसत होता तो वेळेचा कमी आणि दिवसभरात एकूण जास्त प्रोटीन पोटात गेल्याचा जास्त होता. म्हणजे घड्याळ नको बघूस, दिवसाची बेरीज बघ.
बेरीज किती, तर नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशनने २०१७ मधे दर किलो वजनामागे दिवसाला १.४ ते २ ग्रॅम सांगितलंय. तुझं वजन ७० किलो धरलं तर ९८ ते १४० ग्रॅम. एका वेळी २० ते ४० ग्रॅम असं तीन-चार वेळा विभागून खाल्लंस की झालं. आता एक दिवस कागद घेऊन बस आणि काल दिवसभरात जेवणातून किती गेलं ते लिही, प्रामाणिकपणे, कारण आपण सगळेच इथे स्वतःला फसवतो. जेवणातूनच ११०-१२० होत असेल तर शेक विसरलास काय आणि घेतलास काय. ६०-७० च्या आसपास अडकत असेल तर मात्र एक स्कूप, म्हणजे डब्यातल्या मापाने एक चमचा पावडर, कामाचा आहे, पण तो जिमनंतरच घ्यायला हवा असं नाही, संध्याकाळी घे, नाश्त्याबरोबर घे.
घाई करायची ती फक्त दोन वेळा. एक म्हणजे पहाटे उपाशीपोटी व्यायाम केलास तर, कारण रात्रीच्या जेवणाचं काही शिल्लक नसतं. आणि दुसरं, त्याच दिवशी काही तासांत परत जोरदार सेशन असेल तर, पण तेव्हा प्रोटीनपेक्षा कार्ब्स महत्त्वाचे, स्नायूतलं ग्लायकोजेन, म्हणजे तिथे साठवलेली साखर, भरून काढायला. दुपारी जेवून दोन तासांनी जिमला जात असशील तर मधल्या सुट्टीतलं ते जेवणच अजून पचतंय, कसलं टेन्शन घेतोस.

प्रश्न : प्रोटीन पावडरचे डबे बघून डोकं फिरलंय. कॉन्सन्ट्रेट, आयसोलेट, हायड्रोलाइज्ड, शिवाय एक वजन वाढवायचा गेनर, आणि दुकानदार सगळ्यात महागडाच हातात देतो. मला दूध प्यायलं की पोट फुगतं हेही सांगून ठेवते.

उत्तर : पोटाचं सांगितलंस ते बरं केलंस, उत्तर तिथेच आहे.
दुधातल्या प्रोटीनचे दोन भाग, साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. चीज करताना दूध फाटून जे पाणी उरतं त्यातलं ते व्हे. ते गाळून, सुकवून पावडर केली की कॉन्सन्ट्रेट, त्यात चांगल्यापैकी ८० टक्क्यांपर्यंत प्रोटीन आणि उरलेल्यात थोडं फॅट, थोडं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. अजून गाळलं की आयसोलेट, ९० टक्के किंवा वर, लॅक्टोज जवळजवळ नाहीच. हायड्रोलाइज्ड म्हणजे आधीच तोडून ठेवलेलं, चवीला कडू आणि खिशालाही कडूच, आपल्यासारख्यांना त्याची गरज नाही. तुझं पोट लॅक्टोजमुळे फुगत असेल तर आयसोलेट घे, पैसे तिथे वसूल होतील. पोट ठणठणीत असणाऱ्यांनी साधं कॉन्सन्ट्रेट घ्यावं, स्नायूला फरक कळत नाही. पण लक्षात ठेव, दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट, अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं असलं काही होत असेल तर व्हेच्या कुठल्याच डब्याला हात लावू नकोस.
डबा घेताना पुढची बाजू बघायचीच नाही, पैलवानाचा फोटो काय नि विजेचे लोळ काय. डबा फिरव आणि दोन आकडे शोध, एका सर्व्हिंगचं वजन आणि त्यातलं प्रोटीन. ३० ग्रॅममधे २४ ग्रॅम असेल तर ८० टक्के, ठीक. हा भागाकार मी शिकले तो गेनरने. सुरुवातीला मी बादलीएवढा डबा हौसेने उचलून आणला होता, चॉकलेटचा, स्कूप कसला, वाटीच होती ती, आणि दोन महिन्यांनी पॅन्टचं बटण लागेना तेव्हा मागचं लेबल वाचलं. एका सर्व्हिंगला १५० ग्रॅम पावडर, त्यात प्रोटीन २५ आणि बाकी बहुतेक सगळं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेचाच चुलतभाऊ. ज्यांचं कितीही खाल्लं तरी वजन वाढत नाही त्यांना गेनरचा उपयोग आहे, मला नव्हता.
अजून एक खोड असते बाजारात. लेबलवरचं प्रोटीन बऱ्याचदा नायट्रोजन मोजून काढतात, नायट्रोजन गुणिले ६.२५. आता ग्लायसीन, टॉरीन या सुट्या अमिनो ॲसिडमधेही नायट्रोजन असतो आणि ही स्वस्त असतात, मग कुणी ती मिसळून आकडा फुगवतो. स्नायूला ज्या ल्युसीनची (प्रोटीन ज्या अमिनो ॲसिडच्या विटांनी बनतं त्यातली एक) खरी गरज ते त्यात नसतंच. म्हणून घटकांच्या यादीत व्हेच्या जोडीला ग्लायसीन, टॉरीन दिसली की मी डबा परत ठेवते. इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट असा शिक्का असेल तर बाहेरच्या लॅबने तपासलेला माल आहे असं समज. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तर त्याशिवाय घेऊच नये, डोपिंग टेस्टमधे सापडलं की "मला माहीत नव्हतं" कुणी ऐकत नाही.

प्रश्न : माझं वय ५८. डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितली आहेत, उचलतो. दूध, अंडी, मांस काहीच घेत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, प्लांट प्रोटीनने काही होत नाही, शिवाय किडनी जाईल. यातलं खरं काय मानायचं?

उत्तर : काका, मुलाला सांगा की दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, प्रोटीनने काहीच होत नाही तर किडनी कशाने जाईल!
गंमत सोडा. सोया एकट्याने पूर्ण प्रोटीन आहे, लागणारी सगळी अमिनो ॲसिड त्यात आहेत. वाटाण्याच्या प्रोटीनमधे मेथिओनिन हे अमिनो ॲसिड कमी आणि तांदळाच्या प्रोटीनमधे लायसीन कमी, म्हणून दोन्ही मिसळलेली पावडर मिळते, एकाची उणीव दुसरा भरतो. ल्युसीन व्हेपेक्षा थोडं कमी असतं म्हणून एका वेळी थोडं जास्त घ्यायचं. वय वाढलं की स्नायू प्रोटीनला जरा कमी दाद देतात, त्यामुळे तुम्ही तर एका वेळी ३० ग्रॅमच्या पुढेच राहा, २० वर भागवू नका.
किडनी निरोगी असेल तर एवढ्या प्रोटीनने ती बिघडते असं दिसलेलं नाही. पण आधीपासून त्रास असेल तर हिशेब पूर्ण बदलतो, तिथे प्रोटीन कमी करायला सांगतात. तुमच्या वयात शुगर-बीपी कधी चोरपावलांनी येतं कळत नाही, म्हणून डबा आणायच्या आधी क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. मुलाने क्रिएटीनही (हे वेगळं, ताकदीसाठी घेतात ती पावडर) आणून दिलं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, ते घेतल्यावर रिपोर्टमधे क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं आणि उगाच धावपळ होते.

प्रश्न : पाऊण तास वजनं मारतो, मग निळ्या रंगाची रिकव्हरी ड्रिंकची बाटली. प्रोटीन शेकही घेतो. दोन्ही लागतं का?

उत्तर : निळी बाटली बंद कर. ही स्पोर्ट्स ड्रिंक्स कुणासाठी जन्मली बघ, १९६५ मधे फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेटोरेड बनवलं ते उन्हात तासन् तास अमेरिकन फुटबॉल खेळून घामाने निथळणाऱ्या पोरांसाठी. पाणी, साखर, मीठ. प्रोटीनचा त्यात पत्ताच नाही. एसीत पाऊण तास, त्यातला अर्धा वेळ फोन बघण्यात, तुला साधं पाणी पुरे.
खरंच घाम गाळत असशील तर एकदा जिमच्या आधी आणि नंतर वजन कर. एक किलो कमी झालं तर सव्वा ते दीड लिटर पाणी, हळूहळू, काही तासांत, आणि जेवणातलं मीठ आहेच. लांब सायकलिंग, धावणं करणाऱ्यांना चॉकलेट मिल्क चांगलं चालतं, कार्ब्स, प्रोटीन, पाणी, सोडियम सगळं एकाच ग्लासात, आणि चवीला माझ्या शेकपेक्षा शंभर पट बरं.

प्रश्न : बीसीएए घेतलं तर अंगदुखी जाते का?

उत्तर : बीसीएएमधे नऊ अत्यावश्यक अमिनो ॲसिडपैकी तीन वेगळी काढून, रंग-वास लावून विकलेली असतात. व्हेमधे ती तिन्ही आहेतच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिने उतरताना जी मांडी बोंबलते ती तिच्या वेळेने जाते, झोप काढ.

प्रश्न : शेकमधे गाठी होतात आणि शेकरला वास येतो, कितीही धुतला तरी.

उत्तर : आधी पाणी, मग पावडर, उलटं केलं की तळाच्या कोपऱ्यात चिखल बसतो. उकळतं पाणी तर अजिबात नको, व्हे शिजून त्याचं रबर होतं. वासाचं म्हणशील तर झाकणातली ती गोल रबरी रिंग काढून बघ, काढायला टोकदार काहीतरी लागेल. माझी मी पहिल्यांदा काढली तेव्हा खाली हिरवट थर होता आणि मी तो शेकर वर्षभर वापरत होते.