आंतरराष्ट्रीय संस्था एकमेकींवर इतक्या अवलंबून का असतात? प्रत्येकीने स्वतंत्रपणे काम केले तर ते लवकर होणार नाही का?

लवकर होणार नाही. बहुतेक ठिकाणी ते सुरूच होणार नाही. मी अनेक वर्षे एका मदतसंस्थेत लसपुरवठ्याचे काम केले आणि हाच वाद तिथे तावातावाने होत असे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या शीतपेटीतील लसीची गुणवत्ता जागतिक आरोग्य संघटनेने तपासलेली असे, खरेदी युनिसेफने केलेली असे आणि पैसा बहुतांशी ‘गावी’ या लसींसाठी निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडून आलेला असे. रस्ते बंद असलेल्या भागात मात्र आमची सारी मदार एका सामायिक हवाई सेवेवर होती. एका वर्षी देणगीदारांचा पैसा आटल्यामुळे तिच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची लस गोदामात पडून राहिली, पुढच्या केंद्रावर आया मुलांना घेऊन येऊन परत गेल्या. आमच्या वरिष्ठांनी लगेच निष्कर्ष काढला की परावलंबन हाच दोष असून संस्थेने स्वतःचे विमान घ्यावे. मी तेव्हाही विरोध केला आणि आजही करतो. सामायिक सेवेच्या विमानात बसणाऱ्या संस्थांपैकी किती जणींनी त्या सेवेसाठी आपल्या अंदाजपत्रकात पुरेशी तरतूद केली होती? आमच्या संस्थेने तर केलीच नव्हती. तिकिटाचे नाममात्र शुल्क भरले की आपली जबाबदारी संपली, असे सगळे धरून चालले होते. प्रत्येकीने वेगळे विमान घेतले असते, तर त्याच धावपट्टीवर अर्धी रिकामी विमाने उतरली असती आणि लसीचा पैसा इंधनात गेला असता.

एकाच कामावर सगळ्यांनी तुटून पडायचे आणि दुसऱ्याकडे कोणीच पाहायचे नाही, हा अनुभव जगाने घेतलेला आहे. म्हणूनच 2005 मध्ये मदतकार्याची क्षेत्रवार विभागणी करून प्रत्येक क्षेत्राला प्रमुख संस्था नेमण्यात आली आणि त्याच वर्षी पाकिस्तानातील भूकंपात ही पद्धत प्रथम वापरली गेली.

इतर क्षेत्रांत हे अवलंबन नियमांतच लिहिलेले आहे. नाणेनिधीचे सदस्यत्व नसेल तर जागतिक बँकेचे मिळत नाही. अन्नसुरक्षेच्या बाबतीत जागतिक व्यापार संघटनेचा करार ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या मानकांचा आधार घेतो आणि ती मानके अन्न व कृषी संघटना आणि आरोग्य संघटना यांच्या संयुक्त आयोगाकडून येतात.

तेव्हा एखाद्या संस्थेची पारख करायची असेल, तर तिने किती सामंजस्य करार केले हे मोजू नका. ज्या सामायिक सेवा ती वापरते त्यांच्यासाठी ती किती पैसे बाजूला ठेवते, ते पाहा.

एक अपवाद मान्य केला पाहिजे. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला युद्धातील सर्व बाजूंशी बोलायचे असते, त्यामुळे ती इतरांशी समन्वय साधते, पण त्या क्षेत्रवार रचनेत सामील होत नाही आणि विमानेही स्वतंत्रपणे चालवते. आमचे वरिष्ठ नेमके हेच उदाहरण देत असत. परंतु आमचे काम लस पोहोचवण्याचे होते, युद्धकैद्यांना भेटण्याचे नव्हते.