ऑटो ड्युप्लेक्सवाला प्रिंटर घेतला, पण घरच्या कॉम्प्युटरवर पाठपोट छापायचा पर्यायच दिसत नाही. कसाबसा दिसला तर मागची बाजू उलटी येते. दुकानदार म्हणतो वरचं मॉडेल घ्या. प्रिंटर खरंच बिघडलाय का?

नाही हो, बिघडलेला नाही. आणि त्या दुकानात परत जाऊ नका. ज्याला पाठपोटचं सेटिंग लावता येत नाही तो वरच्या मॉडेलवरही लावू शकणार नाही.

तुमचे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. पर्याय न दिसणं हे कॉम्प्युटरचं दुखणं आहे. मागची बाजू उलटी येणं हे बरेचदा प्रिंटरचंही नसतं आणि कॉम्प्युटरचंही नसतं, कागद हातात धरणाऱ्याचं असतं. या दुसऱ्या मुद्द्यावर मी आमच्या सोसायटीच्या भर सभेत भांडलेली आहे. त्यामुळे पहिल्याचं थोडक्यात उरकते.

केबल लावली की विंडोज स्वतःच कुठला तरी सर्वसाधारण ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, बसवून मोकळं होतं. एक पान छापून येतं, आपल्याला वाटतं झालं काम. पण आपल्या प्रिंटरच्या पोटात कागद उलटवायची सोय आहे, याचा त्या ड्रायव्हरला बरेचदा पत्ताच नसतो. म्हणून कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर उतरवून घ्या. तरी पर्याय दिसला नाही तर सेटिंग्जमधल्या प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन आपला प्रिंटर निवडा आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नव्हे. ते शेजारीच असतं आणि सगळे तिथेच शोधत बसतात. प्रॉपर्टीजमध्ये ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ नावाचा टॅब असतो. त्यात ड्युप्लेक्स युनिटपुढे ‘नॉट इन्स्टॉल्ड’ लिहिलेलं दिसलं तर ते ‘इन्स्टॉल्ड’ करा. माझ्याकडे एवढ्यानेच पर्याय आला होता.

आला तरी कधीकधी तो पुसट दिसतो, क्लिक होत नाही. तेव्हा कागदाचा प्रकार बघा. जाड कागद, पाकीट, लेबल, फोटो पेपर यातलं काही निवडलेलं राहिलं असेल तर बहुतेक प्रिंटर पाठपोट छापायला नकार देतात. बॉर्डरलेस, म्हणजे कडेला समास न सोडता छापणं, चालू असेल तरी तेच. आणि कागदाचा आकार बघा. आमच्या रामायणाची सुरुवात या आकारापासूनच झाली.

मी कोथरूडमधल्या एका ४८ फ्लॅटच्या सोसायटीची सचिव आहे. सचिव म्हणजे काय हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी हातात पडली पाहिजे, आणि आमच्याकडे नोटिशीबरोबर अहवाल द्यायची पद्धत आहे. म्हणजे छपाई नेमकी पावसाळ्यात, बहुतेक वेळा गणपतीच्या धामधुमीत. अहवाल ३६ पानांचा.

आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. हिशेबाला चोख, पैशाचा घोळ नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ताळेबंद ते एक्सेलमध्ये लीगल कागदावर आडवा मांडतात. का, तर बँकेत लीगल वापरायचे. आता लीगल कागद २१६ बाय ३५६ मिलिमीटरचा, ए४ हा २१० बाय २९७ चा. घरगुती प्रिंटरांपैकी अनेकांचं ड्युप्लेक्स फक्त ए४ आणि लेटर घेतं. माझंही तसंच. त्यामुळे बाकीची पानं पाठपोट ठरलेली आणि ताळेबंद आला की गाडी एका बाजूवर. त्यावर काकांचा निष्कर्ष, ‘ताई, तुमच्या प्रिंटरला हे झेपत नाही, द्या बाहेर एका बाजूनं छापायला.’

प्रिंटरला झेपत होतं. पीडीएफ छापताना कागद ए४ निवडला, ‘फिट’वर टिचकी मारली, लीगलची पानं आकसून ए४मध्ये बसली आणि सगळं सुरळीत सुरू झालं. तुमच्या फाइलमध्येही असं एखादं वेगळ्या आकाराचं पान लपलेलं असू शकतं. पीडीएफ उघडायच्या काही प्रोग्रॅममध्ये पानाचा आकार दिसतो, तो बघत जा.

छपाई सुरू असताना काका देखरेखीला आले. आपोआप पाठपोट छापताना कागद पहिली बाजू छापून जवळजवळ पूर्ण बाहेर येतो, क्षणभर थांबतो, मग तेच रोलर उलटे फिरून त्याला परत आत ओढतात. काकांनी तो थांबलेला कागद बघितला, ‘अडकला वाटतं’ म्हणाले आणि खस्सकन ओढून काढला. मग खरोखरच अडकला. मागचं झाकण उघडून चिमट्याने तुकडे काढताना ते मला सांगत होते की म्हणूनच एका बाजूनं छापणं बरं.

आता सभा. रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या. ताळेबंदाचा विषय आला, काका उभे राहिले, हातात ताळेबंदाचा कागद. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला, पुस्तकाचं पान उलटतात तसा डावीकडे उलटला आणि म्हणाले, ‘मागे उत्पन्न-खर्च पत्रक आहे. ते सभासदांनी डोक्यावर उभं राहून वाचायचं का?’ हशा. एरवी कोरमला बोलवावं लागणारी मंडळीसुद्धा हसली. पुढे त्यांचं भाषण झालं की पाठपोट छपाई ही कंजुषी आहे, सभासदांचा अपमान आहे, वगैरे. हा माणूस घरी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा रबर लावून ठेवतो आणि पत्रांचे कच्चे मसुदे मला त्यावर छापायला लावतो, तेव्हा कुणाचा अपमान होत नाही.

तर उलटं काहीच छापलेलं नव्हतं. जे तेव्हा हशात कुणी ऐकून घेतलं नाही ते तुम्हाला सांगते, कारण तुमचा दुसरा प्रश्न अगदी हाच आहे.

पर्याय दोन असतात. लाँग एज म्हणजे लांब कडेवर उलटायचं, शॉर्ट एज म्हणजे आखूड कडेवर. उभ्या मजकुराला लाँग एज, हे माहीतच असेल. घोळ होतो आडव्या पानांचा, कारण मजकूर आडवा असला तरी ट्रेमधला कागद उभाच असतो. मजकूर ९० अंशांत फिरवून छापला जातो. मजकुराचं डोकं कागदाच्या एका लांब कडेला येतं. लाँग एजवर पाठपोट छापलं की मागच्या मजकुराचं डोकं समोरच्या लांब कडेला जातं. आता हा कागद आडवा धरा. पुस्तकासारखा उजवीकडून डावीकडे उलटलात तर मागचं उलटं दिसणार. खालची कड धरून वर उचललात, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उचलतो तसं, की सुलट. छपाई तीच, कागद तोच.

आणि अहवालाला पिन कुठे मारलेली असते? डाव्या लांब कडेला. म्हणजे आडवं पान वाचायला अहवाल फिरवला की पिनेची कड वर तरी येते नाहीतर खाली तरी, आणि पान वर-खालीच उलटतं. उजवीकडून डावीकडे ते उलटूच शकत नाही. काकांना उलटता आलं, कारण त्यांनी पिन काढून तेवढाच कागद सुटा करून आणला होता. पिन लावलेला अहवाल हातात घेऊन त्यांनी ते पत्रक उलटं दाखवावं, माझं आजही आव्हान आहे.

‘छपाईतील त्रुटींची नोंद इतिवृत्तात घ्या’ असा त्यांचा आग्रह होता. इतिवृत्त मीच लिहिते. ‘खजिनदारांनी छपाईबाबत आपले मत मांडले’ अशी नोंद आहे.

एका बाजूच्या छपाईचा हिशेब खजिनदारांनीच करायला हवा होता, पण करते. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, एक ए४ कागद पाच ग्रॅमचा. पाठपोट छापला तर अहवाल १८ कागदांचा, म्हणजे ९० ग्रॅम. एका बाजूने छापला तर ३६ कागद, १८० ग्रॅम. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची शाईची पूड, दोन्हीकडे सारखाच, कारण छापायची पानं ३६च. आणि १८ कागदांना आपल्या घरातल्या स्टेपलरची १० नंबरची पिन कशीबशी आरपार जाते. ३६ कागदांना ती मुडपते, मग मोठा स्टेपलर आणा किंवा स्पायरल करा. ४८ प्रतींचं स्पायरल कुणाच्या खिशातून? देखभाल निधीतून. हा मुद्दा सभेत कुणाला सुचला नाही, मला घरी येऊन चहा पिताना सुचला.

बाहेर छापून घेण्याबद्दल. नवी पेठेत, सदाशिव पेठेत अभ्यासिकांच्या आसपास झेरॉक्सची दुकानं आहेत. तिथली पोरं स्पर्धा परीक्षांच्या नोट्सचे गठ्ठे दिवसभर बॅक टू बॅक काढतात. त्यांना लाँग एज-शॉर्ट एज विचारावं लागत नाही, ‘पिन कुठं मारणार?’ एवढंच विचारतात. प्रश्न तोच बरोबर आहे. तुम्हीही छापायच्या आधी स्वतःला हेच विचारा, कुठली कड निवडायची ते आपोआप कळेल. पण आमच्या काकांचं ते नेहमीचं दुकान यातलं नाही. ते दर बाजूला पैसे लावतं आणि मग ‘पाठपोट महाग पडतं’ असं काका सांगत फिरतात.

पाठकोऱ्या कागदांबद्दल माझं मत ठाम आहे, प्रिंटरमध्ये घालायचे नाहीत. कोपऱ्यात पिनेचा तुकडा राहिलेला असतो, घडी पडलेली असते, दोन कागद चिकटून जातात. त्यावर किराण्याची यादी करा, पोरांना गणितं सोडवायला द्या.

पावसाळ्यात कोरा कागदही दगा देतो. उघड्या रिममधला कागद ओल धरतो. लेझरमध्ये टोनर पक्का करणारा फ्यूजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. तिथून निघालेला दमट कागद कडेला वळतो आणि तसाच दुसऱ्या बाजूसाठी आत जाताना अडकतो. लोकांना वाटतं ड्युप्लेक्स गेलं. रिमचं वेष्टन गुंडाळून ठेवा, लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये घाला, घालण्याआधी फडफडवून सुटे करा. अप्पा बळवंत चौकातून स्वस्तात मिळतो म्हणून अगदी पातळ कागद आणू नका, पाठपोटला मागचं पुढे दिसतं. इंक टँकचा, म्हणजे ओल्या शाईचा प्रिंटर असेल तर पहिली बाजू वाळायला प्रिंटर मध्येच थांबतो, तेव्हाही कागद ओढू नका.

ड्रायव्हर सापडेपर्यंत हाताने करायचं असेल तर आधी विषम पानं, मग गठ्ठा उलटवून सम पानं. गठ्ठा कसा उलटवायचा हे मला विचारू नका, प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. ट्रेमधल्या वरच्या कागदाच्या वरच्या बाजूला पेन्सिलने बाण काढा, एक पान छापा, बाण छापलेल्या बाजूला आला की मागे आणि त्याचं टोक कुठे आहे ते बघा. एवढ्यावरून सगळं कळतं. पानांची एकूण संख्या विषम असेल तर दुसऱ्या फेरीआधी शेवटचा कागद बाजूला काढा, नाहीतर पुढच्या सगळ्या जोड्या चुकू शकतात.

मी वर लाँग एजची बाजू घेतली ती पिन मारलेल्या अहवालापुरती. सगळीच पानं आडवी असतील आणि पिन आडव्या पानाच्या डावीकडे, म्हणजे आखूड कडेला मारायची असेल, किंवा सुटा आडवा कागद कुणाच्या हातात द्यायचा असेल, तर शॉर्ट एज निवडा. आणि ब्राउझरमधून छापताना त्याची स्वतःची प्रिंटची खिडकी उघडते, ती तुमचं विंडोजमधलं सेटिंग पाळेलच असं नाही, तिथे पाठपोटची खूण आहे का ते वेगळं बघा. ४८ प्रतींचा आकडा टाकण्याआधी एक प्रत काढा, पिन मारा आणि मगच उलटून बघा.